उलटे ठेवलेले डबे

ॲनाकोंडा, मोंटाना
गुरुवार, १६ ऑक्टोबर २०१४

एमिल,

मंगळवार, १४ ऑक्टोबर, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तू माझ्या घरात शिरलास. वेळ ओडेटने सांगितली. समोरच्या खिडकीत बसून रस्ता राखण्यापलीकडे त्या बाईला काम नाही, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्याचा उपयोग झाला. त्या वेळी मी ब्यूटच्या इस्पितळात टेबलावर आडवी होते आणि एक पोरगेला डॉक्टर माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढत होता. हे तुला कुठून कळलं तेही मला ठाऊक आहे. रविवारच्या चर्चच्या पत्रकात आजाऱ्यांच्या नावांत माझं नाव होतं, वारासकट. गावाने ते वाचून माझ्यासाठी प्रार्थना केली. तू ते वाचून आईकडची जुनी किल्ली शोधलीस.

मी पट्टी बांधलेल्या डोळ्याने घरी आले आणि तळघरात उतरले. मधल्या बाकावर चार बोल्टांची भोकं आणि तेलाचा डाग, एवढंच उरलं होतं. तू सगळीकडे सांगत फिरतोस, की लोकांच्या बहिणी चिनी मातीच्या बाहुल्या जमवतात आणि माझी बहीण काडतुसं भरायची लोखंडी यंत्रं जमवते. हो, जमवते. मेलेल्या माणसांच्या गॅरेजमधून गंजलेली आणते, रॉकेलमध्ये बुडवून ठेवते, टूथब्रशने घासते, मूळ रंगाला धक्का लावत नाही, आणि चालू करून दाखवते. त्यांना मला शिकवलेल्या सिस्टरांची नावं देते, कारण तितकं कडक आणि तितकं टिकाऊ दुसरं काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. त्या सगळ्यांतून तू नेमकं मदर सुपिरिअर उचललंस. आपल्या वडिलांचं, पापांचं यंत्र. आईच्या मृत्युपत्रात ते माझ्या नावावर आहे. वाचता येत असेल तर पुन्हा वाच.

पण हे पत्र यंत्रासाठी लिहीत नाही. वरच्या फळीवरचे चार डबे तू नेलेस. त्यातलं एकही काडतूस झाडू नकोस.

सप्टेंबरमध्ये मी नेमबाजीच्या क्लबात त्यातलं पहिलंच झाडलं. कोणीतरी तळहातावर पट्टी मारावी तसा झटका बसला. काडतुसाची रिकामी नळी काढून पाहिली तर बुडाची टोपी शर्टाच्या बटणासारखी चपटी झालेली. माझं रिव्हॉल्वर नवं आणि जाडजूड आहे, म्हणून मनगट सुजण्यावर भागलं. तुझ्याकडे पापांचं आहे. त्याचं पोलाद शंभर वर्षांपूर्वीचं. तो झटका त्याला सोसणार नाही. ते फुटेल, आणि फुटेल तेव्हा तुझ्या हातात आणि तुझ्या तोंडासमोर असेल.

कारण साधं आहे. माझा तोलकाटा बिघडला होता आणि सगळ्याच नळ्यांत दारू जास्त पडली. मनगट बरं झालं की फोडून टाकायचे म्हणून मी ते डबे बाजूला ठेवले होते. विश्वास नसेल, आणि तुझा नसणारच, तर कुठलंही एक काडतूस गोळी उपटायच्या पोकळ हातोड्याने फोड, आतली दारू स्वतःच्या काट्यावर तोल, आणि मग माझी माफी माग.

काल फोन केला तेव्हा तुझ्या बायकोने, लोरीनने उचलला.

"तो बाहेर आहे, मेना."

"मला त्याचा खोकला ऐकू येतोय."

"तो म्हणतो, यंत्र पापांचं होतं, तुझं नव्हतं."

"त्याला म्हणावं, डब्यांना हात लावू नकोस. त्यात मरण आहे."

मग कुजबुज. मग पुन्हा लोरीन: "तो म्हणतो, तू असंच काहीतरी काढणार हे त्याला माहीत होतं."

येत्या सोमवारपर्यंत यंत्र आणि चारही डबे माझ्या ओट्यावर आणून ठेव. घरात यायची गरज नाही.

फिलोमिना स्टिपेटिच


ॲनाकोंडा
मंगळवार, २१ ऑक्टोबर २०१४

एमिल,

सोमवार आला आणि गेला. तो हिशेब वेगळा करू. आधी हे वाच. माझ्या मागच्या पत्रातली एक गोष्ट चुकीची आहे.

काल डॉक्टरने डोळा पूर्ण मोकळा केला. घरी आले आणि पाहिलं, की इतके दिवस मला पिवळट वाटणारं स्वयंपाकघरातलं सिंक पांढरंशुभ्र आहे. खिडकीतून कारखान्याच्या चिमणीच्या विटा मोजता येतील इतकं लख्ख दिसत होतं. मला रडू आलं आणि मग त्याचा राग आला. म्हटलं, चला, या डोळ्याचा उपयोग करू, आणि तळघरात जाऊन काट्यावरचं फडकं काढलं. ती काडतुसं भरली त्या दिवसापासून मी त्याला हात लावला नव्हता. वजनाचा तुकडा ज्या खाचेत होता त्याच खाचेत होता. माझी समजूत अशी होती, की जुन्या डोळ्याने मी तो एक खाच पलीकडे ठेवला असणार.

तो बरोबर खाचेत होता.

मी इस्पितळाच्या औषधखात्यातून निवृत्त होताना बरोबर आणलेली पितळी वजनं काढली आणि काटा तपासला. पुन्हा तपासला. काट्यात काही दोष नाही. मी तिथेच स्टुलावर बसून राहिले, कारण एमिल, याच्याइतकी वाईट बातमी नाही. काटा चुकला असता तर सगळी काडतुसं सारखीच जड असती, आणि कुठलंही एक फोडलंस तरी तुला कळलं असतं. काटा बरोबर आहे. म्हणजे बहुतेक काडतुसं चांगली आहेत. काही नाहीत.

दोष चकतीत आहे. मदर सुपिरिअरचा दांडा ओढून सोडला, की नळ्यांची चकती एक घर पुढे सरकायला हवी, म्हणजे दारू पडलेली नळी पुढे जाऊन नवी नळी दारूखाली येते. चकती ढकलणारा दात झिजला आहे. कधी ढकलतो, कधी ढकलत नाही. नाही ढकलली आणि दांडा पुन्हा ओढला, की त्याच नळीत दुसऱ्यांदा दारू. आपल्या या दारूचा एक घोट असतो नखाएवढा आणि नळी असते बोटाएवढी. दुप्पट पडली तरी तळाशीच राहते. वर गोळी बसली की बाहेरून काही समजत नाही. अख्खं काडतूस तोलूनही समजत नाही. नळ्यानळ्यांत आणि गोळ्यागोळ्यांतच त्याहून जास्त फरक असतो.

अशी किती आहेत, मला माहीत नाही. प्रत्येक डब्यात एखादं असेल. किंवा सगळी एकाच डब्यात, शेजारी शेजारी.

म्हणून मागच्या पत्रात लिहिलेलं विसर. एक फोडून पाहू नकोस. ते एक चांगलं निघेल आणि तू निर्धास्त होशील. सगळी फोड. चारही डबे.

चकती अशी मधूनच अडकते आहे हे त्या दिवशी कोणाच्याही लक्षात आलं नसतं.

यंत्र माझं आहे, हे पुन्हा लेखी नोंदवून ठेवते.

फिलोमिना


ॲनाकोंडा
शनिवार, २५ ऑक्टोबर २०१४

एमिल,

पाकिटावरचं अक्षर ओडेटचं आहे. तू माझी पत्रं न फोडता शेगडीत घालतोस असं कळलं, म्हणून तिच्याकडून पत्ता लिहून घेतला. तिची पोरकट, गोल गोल अक्षरं पाहून तू दिवाळखोर विमा कंपनीचं पत्र समजशील आणि फोडशील अशी आशा आहे. आता फोडलंच आहेस तर वाचत राहा.

आज एल्कच्या शिकारीचा पहिला दिवस. पहाटेपासून डोंगरात बार वाजताहेत. प्रत्येक बाराला मी ओट्याची कड धरते. तुझं गाव इथून चाळीस मैलांवर आहे, तिथला आवाज इथे येत नाही, हे मला कळतं. तरी धरते.

गुरुवारी वाण्याकडे हॉलिस टर्नबो भेटला. क्लबचा चिटणीस झाल्यापासून तो भाजी घेतानाही छाती काढून चालतो.

"मेना, डोळा कसा काय?"

"डोळा राहू दे. पुढच्या शनिवारच्या सामन्यात एमिलला उभा करू नकोस."

तो हसायला लागला. "अगं, त्याने तुझं पत्र मला दाखवलं. कुठलंही एक तोल म्हणालीस ना? त्याने माझ्यासमोर तीन फोडली. माझ्या काट्यावर तोलली. तिन्हींत केसाचा फरक नाही! मी त्याला म्हटलं, बघ लेका, ही बाई भांडतानासुद्धा दारू नीट तोलते."

"ती तीन बरोबर होती, हॉलिस. चौथं नसेल."

"तू भरलेलं काडतूस चुकलेलं? मेना, फादरने वाइनच्या जागी व्हिनेगर पाजलं म्हणालीस तर एक वेळ मानेन."

आणि एमिल, त्या क्षणी मला बरं वाटलं. तुझ्या जिवाची भीती छातीवर बसलेली असताना, बटाट्यांच्या ढिगाशेजारी उभी राहून, मला ते ऐकून बरं वाटलं. काय म्हणायचं ते म्हण.

मग तो म्हणाला, "पण तुझ्या फळीवर सगळे डबे डोक्यावर उभे होते म्हणे. एमिल म्हणाला, डोळा गेलाय बिचारीचा, लेबलंसुद्धा उलटी लावून ठेवते. मी सगळे सुलटे करून आणले, असं सांगत होता."

तेव्हा मला समजलं. पापांच्या बाकावर उलटी घातलेली नळी म्हणजे रिकामी नळी. अजून दारू पडलेली नाही, कोणाला अपाय नाही. तेवढं शिकून तू अठराव्या वर्षी घर सोडलंस. तू गेल्यावर पापांनी आणि मी त्यात भर घातली, की उलटा डबा म्हणजे फोडायचा डबा. आमच्या दोघांत ते इतकं पक्कं होतं, की तुला कधी सांगितलेलं नाही हे मला आठवतही नव्हतं. तुला उलट्या डब्यांत माझा गबाळेपणा दिसला, आणि माझा भाऊ जन्मात पहिल्यांदा माझ्या घरातली एखादी वस्तू नीटनेटकी करून गेला.

तू विचारशील, साधी चिठ्ठी का लावली नाहीस? ती यंत्रं पाहायला स्पोकेनहून, बोईझीहून माणसं येतात. फळीकडे बघतात. 'खराब' हा शब्द माझ्या अक्षरात त्यांना दिसावा असं मला वाटत नव्हतं. हे कारण आहे. दुसरं नाही.

काल ओडेटला गाडी काढायला लावून तुझ्या दारात आले. तुला माहीत आहे, तू वर होतास. लोरीनने दार अर्धंच उघडलं.

"तो घरी नाही."

"त्याची गाडी अंगणात आहे आणि वरचा पडदा आत्ता हलला."

"मेना, गारठा आहे. घरी जा."

"दुसरं पत्र वाचलं त्याने?"

"शेगडीत गेलं. म्हणाला, पहिल्यात लिहिलं होतं कुठलंही एक तोल, मी तीन तोलली. आता तिला नवीन काहीतरी सुचलं असेल."

"लोरीन, तू तरी ते डबे उचल आणि नदीत टाक."

"आणि मग तू वकील आणणार. डबे कुठे आहेत, म्हणजे चोरी झालीच, असं म्हणणार. तो म्हणतो, हे सगळं यंत्रासाठी चाललंय."

मी वर बघून ओरडले, "अरे गाढवा, खाली ये!" तुझा कुत्रा भुंकला. तू आला नाहीस. ओडेट गाडीत बसून सगळं ऐकत होती. तिची महिनाभराची सोय झाली.

परत येताना मी विचार केला, की लोरीनच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. पहिल्या फोनवर मी तिच्याशी यंत्रावरून किती वेळ भांडले, ते मी तुला लिहिलं नव्हतं. किल्ली, मृत्युपत्र, वकील, तुझं बालपण, सगळं झालं. डब्यांचं मी फोन ठेवताना बोलले. ज्या गोष्टीत मरण आहे ती बाई शेवटी सांगते, तर ती खरी कोण मानेल?

म्हणून यंत्र ठेव. मदर सुपिरिअर तुझं. आजपासून, कायमचं, कुठलीही अट नाही. खाली माझी सही आहे, शेजारी ओडेटची साक्ष आहे. आता माझ्याकडे भांडायला काही उरलेलं नाही, तेव्हा मी खोटं कशासाठी बोलेन?

आणि शेगडीत गेलेल्या पत्रात मी लिहिलं होतं, की यंत्राची चकती मधूनच अडकते, त्यामुळे काहीच नळ्यांत दुप्पट दारू आहे, आणि हे त्या दिवशी कोणाच्याही लक्षात आलं नसतं; त्यातलं शेवटचं खोटं होतं. चकती अडकते आहे हे मला त्या दिवशी कळत होतं. दांड्याला हिसका बसायचा, मी अंगठ्याने चकती पुढे ढकलायची आणि चालू ठेवायची. गोळी बसवण्याआधी दिवा धरून प्रत्येक नळीत डोकावायचं, हा पापांचा नियम. मी प्रत्येक नळीत डोकावले. मला आत धुकं दिसत होतं. मी धुक्याला "ठीक" म्हणायचे आणि पुढची नळी घ्यायचे.

सगळी फोड, एमिल.

मेना

(साक्ष: ओडेट फ्रेशेट. मी सही करताना पाहिलं. सगळं खरं आहे आणि तुमच्या कुत्र्याला खरूज झाली आहे.)


ॲनाकोंडा
मंगळवार, २८ ऑक्टोबर २०१४

प्रिय एमिल,

हे पत्र हॉलिस तुझ्या हातात देईल आणि तू वाचून संपवेपर्यंत हलणार नाही. त्याला बसायला खुर्ची दे. त्याचे गुडघे गेले आहेत.

त्याला माझ्या बाजूला ओढायला मला दोन संध्याकाळी लागल्या, असं तू म्हणशील. एकच लागली. काल त्याला तळघरात आणलं आणि सिस्टर पर्पेच्युआवर, म्हणजे त्या निळ्या हातयंत्रावर, चार काडतुसं भरली. टोप्या न बसवता, बुडं मेणाने बंद करून. तीनांत नेहमीएवढी दारू, एकात दुप्पट. ती त्याच्यापुढे ठेवली.

"दुप्पट कुठलं ते ओळख."

त्याने चारही कानाशी धरून हलवली, तळहातावर झेलली, माझ्या काट्यावर तोलली. तोंडाने पुटपुटत होता. मग मोठ्या विश्वासाने एक पुढे केलं. "हे. उघड दिसतंय."

मी हातोड्याने ते फोडलं. साधं निघालं. दुसऱ्यांदा त्याने उचललं तेही साधं निघालं. तिसऱ्याला त्याने हात लावला नाही.

"अरे देवा," तो म्हणाला. "आणि मी त्याच्यासमोर उभा राहून हसलो."

त्याने माझ्याच फोनवरून तुला फोन केला. तू काय बोललास ते मी शेजारी उभी राहून ऐकलं. "तिने तुलाही गाठलं का? काय खाऊ घातलं, अक्रोडाची पोविटित्सा?" पोविटित्साचा गोड पाव खाऊ घातला होता, हे खरं आहे. पाहुणा आला होता. मग तू म्हणालास, शनिवारी सामन्यात नको तर नको, पण माझ्या बापाच्या यंत्रावरची काडतुसं मी माझ्या जमिनीवर झाडीन, शुक्रवारी संध्याकाळी कामावरून आलो की गोठ्यामागच्या खडीच्या खाणीत सगळी संपवतो आणि रिकाम्या नळ्या तिला पाठवून देतो. आणि फोन आपटलास.

तेव्हापासून मी बसलेली नाही. मला भीती वाटते हे वाक्य मी कोणाला कधी लिहिलेलं नाही. लिहिते. मला भीती वाटते. काल फोन वाजला आणि उचलायच्या आधी मी पापांचा फोटो भिंतीकडे फिरवला, का ते मला सांगता येणार नाही. कोणीतरी टायरच्या दुकानाचा नंबर शोधत होतं. आज सकाळी रुग्णवाहिका रस्त्यावरून पश्चिमेकडे गेली. मी हातात बशी घेऊन अंगणात उभी राहिले, ती कुठे वळते ते दिसेपर्यंत.

डॉक्टरने दिलेला हा नवा डोळा भलताच चांगला आहे. मिटला तरी दिसतं. तुझा उजवा हात दिसतो. तू पाच वर्षांचा होतास, मी चौदाची. आई कारखान्याच्या खानावळीत कामाला जायची आणि तुला शाळेत घालायच्या आधी अक्षरं यायला हवीत असा पापांचा हट्ट होता. तुझ्या मुठीवर मी माझी मूठ ठेवायची आणि आपण दोघं मिळून ई काढायचो. तुझी मूठ गरम असायची आणि पेन्सिल इतकी दाबायचास, की टेबलावर उमटायचं. सिस्टरांनी मला जसं शिकवलं तसंच मी तुला शिकवलं, फक्त पट्टी मारली नाही. एकदाच मारली. गावात सगळे विचारतात, एमिलचं अक्षर असं मुलींसारखं देखणं कसं. मी कधी सांगितलं नाही.

त्या हाताला अजून पाच बोटं आहेत.

आता नीट वाच आणि मी सांगते तसं कर. डबे स्वयंपाकघरात नको, गोठ्यात ने. शेगडीपासून लांब. लोरीनला बाहेर पाठव. एकेक काडतूस पोकळ हातोड्यात घाल, लाकडी ओंडक्यावर आपट. घाई करू नकोस. गोळ्या एका डब्यात, नळ्या एका डब्यात. दारू प्रत्येक नळीची वेगळी तोल, आणि तोलली की झाकणाच्या बरणीत जमा कर. दुप्पट सापडेल तेव्हा थांब, एक श्वास घे, आणि पुढे चल. एक सापडलं म्हणून संपलं असं समजू नकोस. एकही सापडलं नाही तर मला शिव्या दे, पण शेवटचं काडतूस फुटल्यावर दे, आधी नको.

मग मला उत्तर लिही. फोन नको. फोनवर तू लहानपणापासून लोण्यासारखं खोटं बोलतोस. कागदावर तुला जमत नाही. तू अडकतोस, खोडतोस, आणि शेवटी कागद फाडून टाकतोस. उत्तरात लिही, की चारही डबे फोडले आणि दुप्पट दारूची इतकी निघाली. दारूची बरणी हॉलिसबरोबर पाठव. काडतुसं किती होती ते मला माहीत आहे आणि एका घोटाचं वजन मला माहीत आहे. आयुष्यभर मी लोकांची औषधं तोलली. ती बरणी मी काट्यावर ठेवली, की तू सगळी फोडलीस की अर्ध्यावर कंटाळलास ते मला समजेल. यंत्राबद्दल एक अक्षर लिहू नकोस. ते तुझं आहे. दात बदलून घे, एवढंच.

उत्तर शुक्रवारी तीनच्या आत माझ्या पेटीत पडलं नाही, तर सव्वातीनला ओडेट गाडी काढेल. तिने तेल भरून ठेवलं आहे आणि चर्चला घालायची टोपीही काढून ठेवली आहे. ही बाई कशाचाही सण करते. चारच्या सुमाराला मी तुझ्या गोठ्यामागच्या खाणीत असेन. दारात येणार नाही, घंटा वाजवणार नाही, कुत्रा सोडायचा तर सोड. तू जिथे पत्र्याची निशाणं उभी करतोस, तिथे त्या निशाणांपुढे, मी घडीची खुर्ची टाकून बसेन. अंधार पडला तरी बसेन. शनिवारी बसेन, रविवारी चर्चची मिस्सा चुकवून बसेन. तू तिथे काहीही झाडणार नाहीस, कारण चोर असलास, गाढव असलास, तरी माझ्या दिशेने रिव्हॉल्वर रोखणारा तू नाहीस. एवढी एकच गोष्ट तुझ्याबद्दल मला तोलून न पाहता माहीत आहे.

मी सत्तर वर्षांची आहे, मला संधिवात आहे, आणि रात्री तिथे उणे दहा होतं. तेव्हा मला यायला लावू नकोस.

लेखी उत्तर. शुक्रवार, ३१ ऑक्टोबर, दुपारी तीनच्या आत. उजव्या हाताने लिहिलेलं.

मेना